झोना शू: 28 जानेवारीचा अंक अखेर हाती लागला

मंडळी, सापडला! ‘ग्रीनब्रायर इंडिपेंडंट’चा 28 जानेवारी 1897चा अंक, पान 1 आणि पान 3, दोन्ही नीट वाचता येतील असे. यात दीड महिना गेला. नव्यांसाठी: झोना शू ही अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या ग्रीनब्रायर काउंटीतली. 1897मध्ये ती मेली, तिच्या भुताने येऊन खून झाल्याचं सांगितलं असं तिची आई मेरी जेन हीस्टर म्हणाली, आणि खुनासाठी झोनाच्या नवऱ्याला, शूला, शिक्षा झाली. ‘इंडिपेंडंट’ हा तिथला स्थानिक पेपर.

सगळा घोळ ओसीआरचा, म्हणजे पानाच्या चित्रावरून मशीनने अक्षरं ओळखण्याचा. ‘शू’मधला (Shue) ‘यू’ मशीनने ‘ओ’ वाचला की आडनावाचा जोडा (shoe) होतो, आणि बुटांच्या जाहिराती तर पानोपानी. नवऱ्याचं दुसरं नाव ‘ट्राउट’ शोधावं तर मासेमारी वर येते. त्यात शेजारच्या कॉलमची अर्धी ओळ येऊन चिकटते. टेसरॅक्टला (ओसीआर करणारा प्रोग्राम) अख्खं पान कधीही देऊ नका. इमेजमॅजिकने (चित्रं कापायचा प्रोग्राम) एकेक कॉलम उभा कापा, मग टेसरॅक्टला पीएसएम 6 लावा, म्हणजे ‘मजकुराचा एकच सलग ठोकळा समज’ ही सेटिंग. फरक लगेच दिसतो. तरी माझा हा अंक हुकतच राहिला. पैसे भरून मायक्रोफिल्मचं स्कॅन मागवलं, तर 1898ची रीळ आली. पुन्हा तीन आठवडे वाट. शेवटी लुईसबर्गची वारी करून फिल्म यंत्रावर चढवली आणि डोळ्यांनीच वाचली. डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत ओरखडा आहे, आमची बातमी त्याच्या केसभर उजवीकडे.

पान 3 वर झोनाचा मृत्यू. पान 1 वर ऑस्ट्रेलियातल्या भुताची गोष्ट, जिच्यात भूत दिसल्याचं सांगणाऱ्याने खून प्रत्यक्ष पाहिलेला असतो. मारेकऱ्यांच्या धाकाने उघड बोलता येईना म्हणून त्याने भूत रचलेलं. जुन्या अभ्यासकांनी हे सांगून ठेवलंय, पण दोन्ही एकाच अंकात स्वतः पाहिल्यावर मी पाच मिनिटं यंत्राचं चाक फिरवलंच नाही.

आता तारखा बघा. मृत्यू शनिवारी, 23 जानेवारीला. दुसऱ्याच दिवशी लिटल सुएल डोंगरावर दफन. प्रेत उकरलं सोमवारी, 22 फेब्रुवारीला. मेरी जेन हीस्टरला लेक चार रात्री दिसली ती या महिन्याभरात. तिने पेपर वाचून गोष्ट रचली, असं मी म्हणणार नाही. जावयावरचा संशय तिच्या मनात आधीपासून होता. उलटतपासणीत बचावाच्या वकिलाने ‘स्वप्नच ना ते?’ म्हणून किती घेरलं, तरी ती हलली नाही. मला ती बाई खरी वाटते.

एक गोष्ट मात्र खटकते. रूट 60 वरच्या सरकारी फलकावर लिहिलंय की भुताच्या साक्षीने खुन्याला शिक्षा होण्याचं हे एकमेव ज्ञात प्रकरण. पण सरकारी वकील प्रेस्टनने कोर्टात भूत काढलंच नव्हतं. ते काढलं बचाव पक्षाने. शिक्षा झाली ती शवविच्छेदनात मान मोडलेली, श्वासनलिका चिरडलेली आणि गळ्यावर बोटांचे वळ दिसले म्हणून.

पुढची नोंद मी माउंड्सव्हिलच्या तुरुंगावर करणार होतो, जिथे शू 1900मध्ये मेला. हे लिहितानाच तो बेत बदलतोय. माझी आजी गेली तेव्हा तिला शेवटची आंघोळ घालायला आळीतल्या चार बायका आल्या होत्या. ग्रीनब्रायरमध्येही हे काम बायकांचंच होतं. इथे डॉक्टर नॅप पोचायच्या आधीच नवऱ्याने स्वतः तिला धुऊन, उंच ताठ कॉलरचा पोशाख चढवून तयार ठेवलेलं, वर गळ्याला स्कार्फ. नॅप मानेजवळ गेला की शू चवताळायचा, म्हणून तपासणी अर्धवट सोडून तो निघून गेला. प्रेस्टनने नंतर विचारल्यावर त्याने हे कबूलही केलं. प्रकरण पुन्हा उघडलं ते या कबुलीमुळे, असं माझं मत आता पक्कं होत चाललंय.

म्हणून तुरुंग नंतर. आधी ‘मानेला कोणाचा हात लागला’ याचा तक्ता: शू, नॅप, मयताजवळ रात्र जागवणारे शेजारी, शवपेटी हलवताना डोकं लुळं पडल्याचं पाहणारे. प्रत्येकापुढे साक्ष कोर्टातली की ऐकीव, असा रकाना. मेरी जेनने धुतल्यावर पाणी लाल झालं त्या चादरीची गोष्ट ऐकीव रकान्यात जाईल. नॅपने मृत्यूचं कारण आधी ‘कायमची मूर्च्छा’ आणि नंतर ‘बाळंतपण’ दिलं, तो बदल कधी झाला हे बघायला काउंटीची मृत्यूनोंदवही काढायचीय. त्या काळचं हस्ताक्षर सराईतपणे वाचणारं कोणी असेल तर कळवा, पानांचे फोटो पाठवतो.