प्राचार्य-फलक: १९५७ ची तिसरी सही सुटली, नवी अडचण निघाली

बेळगावच्या आमच्या कॉलेजात आजवरच्या प्राचार्यांच्या नावांचा फलक आहे, त्यावरच्या क्रमांक ३ आणि ४ मधला तिढा सुटला. म्हणजे बराचसा सुटला. कॉलेज सोडल्याच्या दाखल्यांवरची ती अनोळखी सही उपप्राचार्यांची निघाली, आणि 'प्राचार्यांकरिता' अशी नव्हे, तर रीतसर प्रभारी म्हणून केलेली.

मागच्या नोंदी वाचलेल्यांना घोळ ठाऊक आहेच. फलकावर नुसते सन आहेत. एकाची कारकीर्द १९५७ ला संपते, पुढच्याची १९५७ लाच सुरू होते, म्हणून मध्ये खिंडार आहे हे दिसतच नाही. पण कॉलेजचं वर्ष जूनचं. पावसाळी टर्मच्या दाखल्यांवर दोघांपैकी कोणाचीच सही नाही. प्रभारींना गाळून फलक रंगवायची खोड फक्त याच कॉलेजात नाही, तेव्हा सन-ते-सन फलकावर कधीही विसंबू नका.

खरा वेळ गेला तो 'करिता' की 'प्रभारी' हे ठरवण्यात. साहेब दोन दिवस धारवाडला विद्यापीठाच्या कामाला गेले की हेडक्लार्कसुद्धा 'करिता' सही ठोकतो. त्याला कारकीर्द म्हणत नाहीत. सगळ्यात भक्कम पुरावा चार्ज रिपोर्टचा, म्हणजे पदभार दिल्या-घेतल्याच्या कागदाचा. त्यावर जाणाऱ्या-येणाऱ्या दोघांच्याही सह्या असतात, तारीख असते, आणि 'मध्यान्हपूर्व' की 'मध्यान्होत्तर' हेही असतं. ते टिपलं नाही, तर एकाच दिवशी दोन प्राचार्य निघतात. चार्ज रिपोर्ट नसेल तर पगारपत्रकात प्रभार भत्ता शोधा. इथे तोच कामी आला: उपप्राचार्यांच्या नावापुढे वेगळी रक्कम, समासात कारकुनाची मोडी लिपीत दोन शब्दांची नोंद. संस्थेच्या इतिवृत्तातला ठराव त्याच्या खालोखाल, कारण ठराव होतो एका तारखेला आणि माणूस रुजू होतो भलत्याच. दाखल्यावरची सही या उतरंडीत तळाला.

बिनतारखेच्या कागदांचं काय, हा प्रश्न आलाच होता. पावतीवर रुपये-आणे-पै असेल तर ती बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची. 'बहुधा' अशासाठी, की नये पैसे आल्यावरही काही काळ आणे चालत होते. 'नये' हा शब्द १९६४ च्या जूनपासून गेला. लेटरहेडवर 'मुंबई राज्य' असेल तर १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी छापलेलं, 'म्हैसूर' असेल तर १९७३ च्या १ नोव्हेंबरपर्यंत छापलेलं, आणि ५९० ने सुरू होणारा पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. मात्र जुनी छापील कागदं संपेपर्यंत वापरायची काटकसर आपल्याकडे सगळीकडेच. म्हणून लेटरहेडवरून फक्त 'याच्या आधीचं नाही' एवढंच म्हणा, 'याच्या नंतरचं नाही' असं कधीच म्हणू नका.

सही वाचायला अतिनील टॉर्च लागला. ३६५ नॅनोमीटरचाच घ्या. नोटा तपासायचे स्वस्त ३९५ वाले सगळा कागद जांभळा करतात, वाचता काही येत नाही. लोहयुक्त जुनी शाई अतिनील उजेडात गडद उठते. धुऊन जाणाऱ्या निळ्या शाईचा भरवसा नाही. एकदा फोटो घ्या आणि टॉर्च बंद करा. पेन्सिलची दाबखूण असेल तर साधा टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून आडवा धरणं पुरे. पांढरे सुती हातमोजे नकोत, बोटांना कागदाची धारच कळत नाही आणि कोपरे फाटतात. धुऊन कोरडे केलेले हात उत्तम. खडेबाजारात मिळणारा बटर पेपर मध्ये घालू नका, आम्लरहित कागदच हवा. लॅमिनेशनचा तर विचारही नको.

आता उरलेलं. प्रभार सुटल्याची तारीख मिळत नाही, कारण त्या वर्षाचं दाखल्यांच्या स्थळप्रतींचं (कॉलेजात राहणाऱ्या नकलांचं) बुक कसरीने चाळण केलंय. हे लिहिता लिहिताच सुचलं: स्थळप्रत गेली, तरी मूळ दाखला कुठे जातो? पुढच्या कॉलेजात! १९३९ पासून गावातच राजा लखमगौडा लॉ कॉलेज आहे, कोल्हापूर-धारवाडला गेलेलेही पुष्कळ. त्यांच्या प्रवेश-फायलींत आपल्या प्राचार्यांच्या तारखेसकट सह्या असायला हव्यात. म्हणजे नवा फ्लेक्स-फलक करायचा बेत तूर्त रद्द. त्याऐवजी तक्ता: नाव, कायम की प्रभारी, चार्ज घेतला, चार्ज दिला, पुराव्याची प्रत. शेवटचा रकाना रिकामा असलेली ओळ पेन्सिलीत.

हीच पद्धत पुढे १९५० च्या सांध्यालाही लावायची आहे, जिथे संलग्नता मुंबई विद्यापीठाकडून कर्नाटक विद्यापीठाकडे गेली. तिथे पत्रव्यवहार दोन दिशांना फुटलेला असणार.

फायली उघडायच्या त्या दिवाळीनंतर. पावसाळ्यातल्या दमट हवेत चिकटलेली पानं ओढली की शाईसकट सोलतात. कोणाच्या घरी १९५७-५८ चा दाखला असेल तर पूर्ण फोटो पाठवू नका. त्यावर जात आणि जन्मतारीख असते. खालची सहीची पट्टी, शिक्का आणि तारीख एवढंच टिपा, बाजूला फूटपट्टी ठेवून.