हिवाळ्यात वाट चुकली तर ओढा धरून उतरू नका

अनोळखी डोंगरात वाट चुकली की पहिला विचार येतो तो खाली उतरायचा. वस्ती खाली, रस्ता खाली, मग उतरत गेलं की कुठेतरी निघूच, आणि हे इतकं पटतं की कोणी वाद पण घालत नाही. थंडीच्या दिवसात हा विचार चांगलाच महागात पडू शकतो, मागच्या हिवाळ्यात अगदी जवळून बघितलंय म्हणून लिहितोय.

तिघं होतो. वाट तिघांनाही नवीन, मॅपवर मात्र एकदम सरळ दिसत होती. वाळक्या पानांचा एवढा खच पडलेला की पायवाट कुठली न् ढोरवाट कुठली काही कळेना, त्यात आभाळ भरून आलेलं, सूर्याचा पत्ता नाही. मधोमध चिरलेला एक मोठा दगड मागे टाकला होता, तो बऱ्याच वेळाने परत समोर! मित्र लगेच म्हणाला, चकवा लागला. आता २००९ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी लोकांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला लावून हे तपासलं होतं. सूर्य किंवा चंद्र दिसत असेल तर माणूस बऱ्यापैकी सरळ जातो, तो झाकला गेला की गोल फिरायला लागतो, आणि वाटत मात्र असतं की आपण नाकासमोर चाललोय. भुताची काही गरज नाही त्यात.

मग तोच मित्र म्हणाला, "अरे ओढा धरून उतरू ना, पाणी शेवटी खालीच जातं." जातं की, पण पाण्याने कड्यावरून उडी घेतली तर त्याचं काही मोडत नाही. घळ सुरुवातीला सोपी असते, मग दगड मोठे होत जातात, एखादा टप्पा बसून घसरत उतरतो आपण, आणि पुढे सरळ कडा. खाली जाता येत नाही आणि जिथून घसरलो तिथून वर चढता येत नाही. शिवाय माथ्यावर उजेड असतो तेव्हा घळीत टॉर्च काढावी लागते, थंड हवा जड म्हणून रात्री तिथेच येऊन साचते, आणि मोबाईलच्या रेंजचं तर नावच नको. अडकायला यापेक्षा वाईट जागा शोधून सापडायची नाही.

आम्ही कड्यापर्यंत पोचलोच नाही, कारण त्याआधी तो शेवाळावरून घसरून कमरेपर्यंत पाण्यात गेला. लागलं काही नाही, हसला सुद्धा. पण पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढून नेतं. थोड्या वेळाने तो बॅगेची चेन उघडायला गेला तर बोटं चेनला लागतायत पण पकडत नाहीत, परत परत तेच, शेवटी चिडून बॅगच आपटली. विचारलं तर "ठीके मी", ते पण जड जिभेने. कुडकुडत होता तेवढाच काय तो दिलासा. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू, आणि ३२ च्या आसपास कुडकुडणंच बंद व्हायला लागतं, माणूस गप्प होतो, काहीजण तर गरम होतंय म्हणून कपडे काढायला लागतात. तेव्हा सोबतचा माणूस गपगुमान झाला तर "चला, सावरला" असं समजू नका.

मैत्रिणीने त्याला दरडावूनच ओले कपडे काढायला लावले, तिची कोरडी ट्रॅक पॅन्ट, माझा टी-शर्ट आणि जॅकेट, वर वारा अडवायला रेनकोट, कानटोपी, आणि काहीतरी गोड खायला. (अशा वेळी दारूचा घोट सुचवणारे महाभाग असतातच. दारूने रक्त कातडीकडे धावतं, गरम वाटतं आणि आतली उष्णता उलट लवकर जाते.) तो नीट बोलायला लागल्यावरच निघालो, आणि ज्या वाटेने उतरलो त्याच वाटेने परत वर, हळूहळू, घाम येऊ न देता. घामाने भिजलात तरी गत तीच.

डोंगराच्या सोंडेवर आलो तेव्हा अंधार पडला होता. माझा मोबाईल थंडीने मघाशीच बंद पडलेला, आतल्या खिशात अंगाला लावून ठेवल्यावर चालू झाला. जीपीएसला रेंज लागत नाही, त्यामुळे एरोप्लेन मोडवर टाकून ऑफलाइन मॅपवर आमची सकाळची ट्रॅक, म्हणजे चालून आलेल्या वाटेची रेघ, सापडली, आणि हेडटॉर्चच्या उजेडात तीच धरून परत फिरलो. ती सापडली नसती तर वाऱ्याच्या आडोशाला बसून टॉर्चने इशारा देत राहायचं ठरलं होतं, मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. उत्तर आलंच तर मिनिटात तीनदा येतं.

मित्र आता प्रत्येक ट्रेकला प्लास्टिकच्या पिशवीत बांधून जादा कपड्यांचा जोड घेऊन येतो. तो ओढा खाली निघालाच असता, हे त्याचं टुमणं मात्र अजून चालूच आहे.