लाकडी फाटकाचा रंग ठरवताना: माझा अनुभव

फाटक दोन झडपांचं. एकूण रुंदी ३ मीटर, उंची १.८ मीटर, प्रत्येक झडपेत १२ उभ्या फळ्या. लाकूड नवं, पाइनचं. सुरुवात मीही शेड कार्डापासूनच केली आणि तिथेच चुकलं. उन्हापावसातल्या लाकडाला छटा नंतर बघायची. आधी हे ठरवायचं की लावलेला थर काही वर्षांनी खराब कसा होणार आणि तेव्हा आपल्याला काय काम पडणार.

ऑइलपेंट, व्हार्निश, पीयू (पॉलियुरेथेन) हे लाकडाच्या वर थर धरतात. फळी पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते. त्या ओढाताणीत सांध्यापाशी थराला केसासारखी भेग जाते, तिथून पाणी आत शिरतं आणि पापुद्रे सुटू लागतात. मग वरून नुसता एक हात मारून भागत नाही, सुटलेला सगळा थर खरवडावा लागतो. २४ फळ्यांच्या कडा खरवडायच्या म्हणजे किती दिवस जातील, हे डोळ्यांसमोर आणून बघा. लाकडात मुरणारा पातळ रंग, म्हणजे स्टेन, मात्र फिका पडत जातो, सोलत नाही. धुवायचं, वाळवायचं, एक हात द्यायचा. मी मुरणारा घेतला. त्याला दर दोन-तीन वर्षांनी हात लावावा लागतो, ही त्याची उणी बाजू.

‘लाकूड दिसलं पाहिजे’ म्हणून पारदर्शक व्हार्निश मारायचा मोह सगळ्यांनाच होतो. बाहेरच्या फाटकाला मी तो कधीच सुचवणार नाही. काचेतून यावं तसं ऊन त्या थरातून आत जातं आणि लाकडाच्या पृष्ठभागातलं लिग्निन, म्हणजे तंतू धरून ठेवणारा पदार्थ, तोडतं. वरचा थर शाबूत असला तरी खालची पकडच सुटते. ऊन अडवतं ते रंगद्रव्य. म्हणून फार फिकी छटा बाद. फार गडदही नको, कारण काळपट फळी उन्हात जास्त तापते, जास्त आकसते आणि पाइनच्या गाठींतून राळ पाझरते. उरली मधली तपकिरी, अर्धपारदर्शक. रेषा दिसतात आणि ऊनही बऱ्यापैकी अडतं.

त्या मधल्या पट्ट्यातल्या चार छटांचे नमुने केले, त्याच फळ्यांच्या उरलेल्या तुकड्यांवर आणि फाटकाला वापरणार होतो त्याच सँडपेपरने घासून. प्रत्येक तुकड्याचा एक भाग कोरा, एकावर एक हात, एकावर दोन. तुकडे आडवे ठेवून बघू नका, फाटकाच्या जागी उभे करा. सकाळी, भर दुपारी आणि पाणी मारून बघा. पाइन मुळात पिवळसर, त्यामुळे कार्डावरची लालसर तपकिरी प्रत्यक्षात नारिंगी उतरली आणि राखाडी झाक असलेली हिरवट. स्टेन ओला असताना निर्णय घेऊ नये, दोन दिवस पूर्ण वाळू द्यावा.

ओलावा मोजायचं यंत्र फळीत टोचलं तर २२ टक्के. १५च्या आसपास येईपर्यंत सावलीत, हवेशीर जागी, फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून थांबलो. ओल्या लाकडात स्टेन मुरायला जागाच नसते. घासायला ८० नंबर, मग १२०, आणि तिथेच थांबायचं. २४० ने हाताला गुळगुळीत लागतं खरं, पण लाकडाची छिद्रं बुजतात. घासल्यावर पाण्याचा थेंब टाका. मण्यासारखा उभा राहिला तर अजून घासायचं. सागवान असेल तर त्यातलं तेल थिनरने पुसून लगेच पहिला हात द्यावा.

फळ्या एकमेकींच्या खाचेत बसणाऱ्या असतील तर जीभ (खाचेत शिरणारी कड) जोडण्याआधीच रंगवा. नाहीतर फळी आकसली की मधून कोरी पांढरी रेघ दिसते. सगळ्यात जास्त पाणी पितात ती कापलेली टोकं. त्यांना तीन हात दिले, खालच्या कडेला विशेष जपून, कारण फाटक बसल्यावर तिथे ब्रश जात नाही. बिजागऱ्या, कडी-कोयंडा काढून ठेवला. स्क्रू जस्तलेपित किंवा स्टेनलेस स्टीलचे हवेत. ओक किंवा सीडरमध्ये साधं लोखंड काळेनिळे ओघळ सोडतं.

हिशेब असा: एक बाजू ५.४ चौरस मीटर, दोन्ही मिळून १०.८, कडा धरून १२. दोन हात म्हणजे २४. गुळगुळीत लाकडावर लिटरला सुमारे १० चौरस मीटर धरले तर २.४ लिटर. खरखरीत, रंधा न मारलेल्या फळ्यांना जवळपास दुप्पट लागतं. एकाहून जास्त डबे असतील तर ते आधी एका बादलीत एकत्र करा, छटेत फरक राहत नाही. आणि तळापासून ढवळत राहा. रंगद्रव्य खाली बसतं, वरचं पातळ संपलं की शेवटच्या फळ्या काळ्या होतात.

लावताना एकेक फळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका दमात. मध्ये थांबलं की वाळलेल्या कडेवर दुसरा थर चढून पट्टा उमटतो. थेट उन्हात लावलेल्या एका झडपेवर तेच झालं, घासून पुन्हा करावं लागलं. १५ मिनिटांनी न मुरलेला स्टेन फडक्याने पुसायचा, नाहीतर चिकट राहतो. दुसरा हात २४ तासांनी. पुढच्या बाजूला जेवढे हात, मागेही तेवढेच. एका बाजूने जास्त ओल शिरली की फळी वाकते.

तेलकट फडकी चुरगळून टाकू नयेत. स्टेनमध्ये जवसाचं तेल असेल तर ते वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. मोकळ्या जागी एकेक पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा.

निवडलेला तुकडा जपून ठेवलाय. मागे छटेचं नाव, डब्यावरचा बॅच नंबर आणि हातांची संख्या पेन्सिलीने लिहिली आहे. पुढच्या वेळी जुळणी धुतलेल्या फाटकाशी आणि या तुकड्याशी करायची आहे, कार्डाशी नाही.