गौरीच्या दिवशी आजी जेवल्या नाहीत

गौरी आल्या त्या दिवशी दुपारी आशाताईंचा फोन आला. ‘मॅडम, खालच्या वाडीतल्या आजी कालपासून जेवल्या नाहीत. ताप नाहीये, पण भलतंच बोलतायत.’ संगमेश्वर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. म्हाताऱ्या माणसाचं जेवण तुटलं आणि बोलणं बिघडलं की ताप नसल्याचा मला दिलासा वाटत नाही. बॅग उचलली आणि निघाले.

घर माणसांनी भरलेलं. मुंबई, डोंबिवली, विरारहून चाकरमानी आलेले. पावसामुळे खिडक्या बंद, आत चुलीवर ओली लाकडं धुमसत होती. आजी माजघराच्या कोपऱ्यात गोधडीत होत्या. थोरला मुलगा म्हणाला, ‘काय नाय ओ मॅडम, दगदग झाली तिला. वय झालं आता.’ आजींनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘यांना वाढलंस का गं?’ आजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

कपाळ गार होतं. गोधडी खाली सारली, घड्याळ धरलं आणि पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. 32 भरले. आरामात पडलेल्या माणसाचे विसाच्या आत हवेत. बोटं इतकी थंड, की ऑक्सिमीटर आकडाच दाखवेना. हात चोळून ऊब आणली, तेव्हा 88 आला, म्हणजे रक्तात ऑक्सिजन कमी पडत होता. लगेच 108 ला फोन लावला.

गाडीची वाट बघताना विचारलं, घरात खोकला कुणाला आहे? सगळ्यांनी नातवाकडे बघितलं. तो अंगात कणकण घेऊनच गाडीत बसला होता. गर्दी, रात्रभर जागरण. आल्यावर आजीनेच त्याला आपल्या अंथरुणात ओढलं. पोरगा रडवेला झाला. मी त्याला सांगितलं, तुझा दोष नाही. वर्षातून एकदा येणाऱ्या नातवाला कुठली आजी लांब झोपवेल?

पण हे दरवर्षी होतं, आणि ते टाळता येतं, हेच मला त्या घरात सांगायचं होतं. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर. गणपती नेमके त्यातच येतात. तरण्या माणसाला चार दिवसांची सर्दी होते. तोच विषाणू सत्तरीच्या फुप्फुसात उतरला की न्यूमोनिया होऊ शकतो. लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलत राहतो. टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात. म्हणजे चतुर्थीच्या आदल्या दिवशी घेऊन भागत नाही. लस घेतलेल्यालाही फ्लू होऊ शकतो, पण ऑक्सिजनपर्यंत पाळी येण्याची शक्यता बरीच कमी होते.

आजींना गाडीत चढवलं आणि मी त्यांच्या दिरांकडे वळले. ते दमेकरी. ‘औषध वेळेवर घेता ना?’ विचारल्यावर त्यांनी अभिमानाने डबी दाखवली. पंपात घालून ओढायची कॅप्सूल ते रोज पाण्याबरोबर गिळत होते! असे मला बरेच जण भेटतात. यंत्र ट्रंकेतून बाहेर काढलं, कॅप्सूल बसवली, श्वास पूर्ण सोडायला लावला, मग जोरात ओढून दहा आकडे रोखायला. दोनदा ठसका लागला, तिसऱ्यांदा जमलं. घेतल्यावर चूळ भरायची, हेही सांगितलं. त्यांची खाट माजघरातून पुढच्या पडवीत हलवली. सुनांनी चूल मागच्या पडवीत नेली. खोकणाऱ्यांनी तोंडाला रुमाल बांधावा, मोदक वळण्याआधी साबणाने हात धुवावेत, एवढं ठरलं. आरती, भजन, नाच काहीही थांबवलं नाही. सण बंद करा म्हटलं असतं, तर कुणी ऐकलं नसतं, आणि मला तसं म्हणायचंही नव्हतं.

आजींना न्यूमोनिया होता. ऑक्सिजन, अँटिबायोटिक आणि फ्लूचं औषध मिळालं. ते औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर जास्त गुण येतो. अनंत चतुर्दशीच्या आत त्या घरी आल्या, काठी मात्र कायमची लागली.

लस हजारावर रुपयांची. पेन्शनीवर जगणाऱ्यांना ती परवडत नाही. थोरल्या मुलाने मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळात विषय मांडला, आणि यंदा वाडीतल्या म्हाताऱ्यांच्या लशीचा खर्च मंडळाने उचलला. चिपळूणहून बर्फाच्या पेटीत, 2 ते 8 अंशांत लस आणली आणि जुलैतच डॉक्टरांना बोलावून टोचून घेतली. आजींनी सगळ्यांत आधी दंड पुढे केला. दीर अजून नको म्हणतायत, सुई नको म्हणून. परवा आशाताई आणि मी पुन्हा जाणार आहोत.