पन्नास सेकंद

"बाबा, ही माणसं नाटकातली आहेत का?"

जर्मनीतल्या हॉकेनहाइमची २०१९ ची फॉर्म्युला वन शर्यत आज पुन्हा बघत होतो, तेव्हा लेकीनं विचारलं. मोटर शर्यतींतली १२५ वर्षं साजरी करायची म्हणून मर्सिडीज टीमची माणसं जुन्या जमान्याचे कपडे, टोप्या घालून सजली होती. पावसाला त्याचं काय!

आघाडीवरचा त्यांचा ड्रायव्हर हॅमिल्टन ओल्या ट्रॅकवर घसरला, गाडीच्या पुढची फ्रंट विंग मोडली आणि गडी अचानक पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या जागी. टायर तयारच नाहीत! कोण कुठे पळतंय, कळेना. एरवी टायर बदलायला अडीच-तीन सेकंद. इथे लागली जवळजवळ ५०.

त्या मोसमातल्या पहिल्या आठही शर्यती याच टीमनं जिंकलेल्या, बरं का.

पुढे त्यांचा दुसरा ड्रायव्हर बोटासही भिंतीत गेला. रेड बुल टीमचा फेरस्टापन पूर्ण गिरकी खाऊनही जिंकला. विसाव्या जागेवरून निघालेला फेरारीचा फेटल, पाण्याच्या फवाऱ्यात समोरचं धड दिसत नसताना एकेकाला मागे टाकत दुसरा! मी तर पुन्हा ओरडलोच.

लेक मात्र त्या टोपीवाल्यांवरच अडकलेली. "घरी गेल्यावर त्यांनी ते कपडे लगेच काढले असतील का?"

काय सांगू तिला?