तीन मीटरचा नियम आणि माझा पिवळा फ्लिपर

"व्हेल शार्कच्या अंगापासून तीन मीटर, शेपटीपासून चार. हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही." गाईड मुलीने हे इतक्यांदा घोकून घेतलं की मला शाळेची सहल आठवली. म्हटलं, अगं, मी कशाला जातेय त्याच्या अंगावर! सांगायचंच तर त्या काठीवर कॅमेरा लावून बसलेल्या गृहस्थांना सांग.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून एक्समाउथ साडेबाराशे किलोमीटर. आम्ही गाडीने गेलो. दोन दिवस लाल माती पाहिली, बाकी सांगण्यासारखं काही नाही.

एप्रिल म्हणजे एक्समाउथजवळच्या निंगालूच्या प्रवाळकिनाऱ्यावर व्हेल शार्कचा ऐन हंगाम. पण मासा शोधतं वर फिरणारं छोटं विमान. त्याचा निरोप येईपर्यंत बोट नुसती हिंदकळत राहते. दोन तास! नवरा आरामात सँडविच खात होता, मी कठड्याला धरून पोट रिकामं करत होते. ओकारीची गोळी बोटीत चढल्यावर घेऊन उपयोग नसतो, हे तेव्हा कळलं.

मग अचानक धावपळ. एका वेळी पाण्यात दहाच जण, म्हणून दोन गट. "जा, जा, जा!" मी उडी मारली, तोंड पाण्यात घातलं. निळं. नुसतं निळं. मास्कमध्ये पाणी शिरलंय की काय म्हणून मी चाचपत होते, तेवढ्यात समोरच्या निळ्यात एक आडवी फट दिसली. ती मोठी होत गेली. ते तोंड होतं, आणि ते सरळ माझ्याकडे येत होतं.

मला ठाऊक होतं की हा प्राणी प्लवक आणि बारीकसारीक जीव गाळून खातो. ते ठाऊक असणं त्या क्षणी काडीच्याही कामाचं नव्हतं. हातपाय थिजले. त्या रुंद ओठाच्या टोकाला सुपारीएवढा डोळा, खाली चिकटून पोहणारे दोन लांबट मासे, मग कल्ल्यांच्या फटी, मग ठिपके, ठिपके, ठिपके... संपेचना. कुणीतरी माझा दंड धरून मागे खेचलं. गाईडच.

पुढच्या दोन उड्यांमध्ये मी नियम पाळले, म्हणजे मागे पडले. तो शेपटी अशी आळसावून हलवतो की वाटतं, गाठू सहज. मी जीव खाऊन पायातले फ्लिपर्स मारत होते आणि तो मात्र फिरायला निघाल्यासारखा दूर जात होता. कॅमेरेवाले गृहस्थ अगदी शिस्तीत, योग्य अंतरावर पोहत होते.

परतताना बोटीवरच्या फोटोग्राफरने स्क्रीन दाखवला. कल्ल्यांमागचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे, त्यावरून मासा ओळखतात. म्हणून डाव्या बाजूचा फोटो महत्त्वाचा. पहिल्या उडीतला फोटो सुरेख आला होता. फक्त नेमक्या त्या ठिपक्यांवर एक पिवळा फ्लिपर आडवा आलेला.

"हा कुणाचा?" त्याने विचारलं.

पिवळे फ्लिपर्स बोटीवर माझ्या एकटीचेच होते. मी हळूच पाय बाकाखाली घेतले.