कूलर म्हणेल तसं

पुण्याची भाची मला सजवलेल्या हॉलचे फोटो पाठवत असते. ऋतूप्रमाणे कुशन कव्हरं बदल, म्हणते. तिला काय सांगू, नागपुरात समोरच्या खोलीची मांडणी कूलरच्या मर्जीने होते.

होळी झाली की तो खिडकीत चढतो. निम्मा उजेड गेला, बाजूच्या फटींना पुठ्ठे लागले. ‘काकू, ताट्या यंदा बदलाच लागतीन,’ असं दुरुस्तीवाला पोरगा दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी त्याचं बरोबर असतं. मी मात्र कूलरच्या बाजूंना पाण्याने भिजत राहणाऱ्या या ताट्यांपैकी एक वाळ्याचीच लावून घेते. पहिल्या संध्याकाळी पंप सुरू झाला की तो ओल्या मुळांचा वास सगळ्या खोलीभर पसरतो. त्या एका संध्याकाळीपुरतं जुनं घर नवं वाटतं.

मग फर्निचर उठतं. दिवाण कूलरच्या समोर, टीव्ही त्याच्या फवाऱ्यापासून लांब. गालिचा गुंडाळून माळ्यावर, फरशी उघडी. उन्हाळ्यातली सजावट म्हणजे वस्तू काढून टाकणं, त्याला कवडी लागत नाही. आतल्या दाराला सासूबाईंचं जुनं सुती लुगडं पडदा म्हणून लावते. जाड पडदा तिथे चालत नाही. आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट लागते, नाहीतर खोली दमट होते आणि कूलर नुसता घरघरत बसतो. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ वर गेला होता. त्या दुपारी आम्ही सगळे त्या एका दिवाणावर होतो, शेजारच्या काकूंसकट.

मृगाचे दोन पाऊस पडले की कूलरची सत्ता संपते. हवेतच एवढं पाणी असतं की ताटीवरचं वाळत नाही, आणि वाळल्याशिवाय गारवा कुठला? पावसाळ्यातल्या खोलीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. दोरी बांधलेली असते आणि दोरीवर कपडे असतात. कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करते, एवढंच.

पोळ्याला मात्र खोलीला पुन्हा जीव येतो. माळ्यावरून लाकडी नंदी उतरतो. मुलगा चार वर्षांचा असताना तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या लहान मुलांच्या पोळ्यासाठी घेतलेला. चार चाकांपैकी एक आता बाटलीच्या झाकणाचं आहे. डावा कान दोनदा फेव्हिकॉलने बसवला, तो किंचित मागे वळलाय, त्यामुळे नंदी सतत स्वयंपाकघरातलं बोलणं ऐकतोय असं वाटतं. दरवर्षी पोस्टर कलरने त्याची शिंगं रंगवते, यंदा हिरवी. मुलगा आता बंगळुरूला नोकरी करतो, बोजारा, म्हणजे पोरांचा खाऊ-पैसा, मागायला नंदी घेऊन कोणी जात नाही. पण मारबतींची, म्हणजे त्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते त्या दिवशी उतरलेला हा नंदी पार होळीपर्यंत खोलीत असतो. महालक्ष्म्या बसतात तेव्हा तेवढा कोपऱ्यात सरकतो.

त्याची नेहमीची जागा खिडकीखाली, छोट्या स्टुलावर. का, ते सांगते. कूलर झिरपून झिरपून तिथे भिंतीवर गंजाचे ओघळ उतरलेत, वर बारीक, खाली पसरट. दोनदा रंग दिला, दोनदा ते वर आले. शेवटी स्टूल ठेवलं, त्यावर नंदी, आणि भिंतीला एक मोठं कॅलेंडर.

थंडीत कूलर उतरलेला असतो. दक्षिणेची खिडकी मोकळी होते आणि खाली उतरलेलं ऊन थेट खोलीच्या मध्यापर्यंत येतं. दिवाण पुन्हा उठतो, उन्हात जातो. माळ्यावरचा गालिचा येतो, वर गोधडी. पितळी परातीत संत्री भरून ठेवली की रंगाचं काम झालं. दिवसभर जाता-येता सगळे सोलतात. सालं मी खिडकीतच वाळवते, त्यांचा वास वेगळा. फुलदाणीच्या भावात किती संत्री येतात याचा हिशेब मी भाचीला एकदा पाठवला होता, तिने नुसता अंगठा पाठवला.

गेल्या जानेवारीत विहीणबाई पहिल्यांदा घरी आल्या. खोली मी दोन दिवस लावत होते. चहा येईपर्यंत त्यांच्या नातवाने नंदीची दोरी धरली आणि ओढत व्हरांड्यात नेला, स्टूल आडवं झालं, कॅलेंडरही खाली आलं. सगळे ओघळ समोर.

विहीणबाईंनी भिंतीकडे नीट पाहिलं.

‘आमच्याकडे तिथे शिलाई मशीन ठेवलीये,’ त्या म्हणाल्या.